ताण: बागेचा आणि माणसाचा



'स्ट्रेस' हा शब्द आता घराघरांत ऐकू येतो. परीक्षा आली, हप्ता थकला, झोप उडाली, की आपण म्हणतो स्ट्रेस आलाय. अभियंत्याच्या लेखी स्ट्रेस म्हणजे पुलाच्या लोखंडाला आतून सोसावा लागणारा जोर. बँकेत स्ट्रेस म्हणजे वसुलीची शंका असलेलं कर्ज. आणि आपल्या कसमाद्यात, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळ्यात, डाळिंबाला शेतकरी स्वतःच 'ताण' देतो.

डाळिंबाला सतत पाणी मिळालं, तर फुलं वर्षभर थोडीथोडी येत राहतात. ती एकदम यावीत म्हणून पाणी तोडतात. हलक्या जमिनीत साधारण महिनाभर, भारी जमिनीत त्याहून जास्त. शेंड्याची वाढ थांबते, अन्न काडीत साठतं, पानं पिवळी पडतात. मग छाटणी, पानगळ, खत आणि बेताचं पाणी. नव्या पालवीबरोबर कळ्या निघतात. जून-जुलैचा मृग, सप्टेंबर-ऑक्टोबरचा हस्त, जानेवारी-फेब्रुवारीचा आंबे, हे तिन्ही बहार असेच धरतात.

पण जाणता बागायतदार अशक्त बागेला ताण देत नाही. आधी शेणखत घालून ती पोसतो, ताणाची मुदत जमीन पाहून ठरवतो आणि फळतोडणीनंतर बागेला विश्रांती देतो. ताण लांबला, तर काड्या वाळतात आणि झाड खचतं.

शरीरावरच्या ताणाचा आयुष्यभर अभ्यास करणारे शास्त्रज्ञ हान्स सेल्ये यांनी 1974 साली हाच भेद पुस्तकातून मांडला: ताण वेगळा, आणि माणसाला पोखरणारा ताण वेगळा. परीक्षेआधीची धाकधूक किंवा तोडणीच्या दिवसांतली धावपळ काही काळ टिकते, काम करवून घेते आणि ओसरते. कर्ज, आजारपण, पडलेला भाव यांचा ताण महिनोन्‌महिने उतरत नाही. झोप जाते, जेवण तुटतं, माणूस बोलेनासा होतो. अशा माणसाला 'मन घट्ट कर' म्हणणं म्हणजे खचलेल्या झाडाचं पाणी आणखी तोडणं.

घरात असं कोणी दिसलं, तर त्याच्याजवळ बसा, त्याचं ऐकून घ्या, डॉक्टरांकडे न्या. सरकारची 'टेली मानस' ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस सुरू असते आणि तिथे मराठीतून बोलता येतं. हा क्रमांक आत्ताच लिहून घ्या आणि शेजाऱ्यालाही सांगा.