तो नाटक करत नव्हता

(मोहल्ल्यातील अभ्यासिकांत शिकवणाऱ्या तरुण कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मुलांच्या अभ्यासावर बोलण्यासाठी तुम्ही मला बोलावलं. मी सुरुवात एका चुकीपासून करते. ती चूक माझी आहे.

माझ्या धाकट्या भावाला चौथीपर्यंत नीट वाचता येत नव्हतं. 'घर'चं तो 'धर' वाचायचा, वेलांट्या गाळायचा, जोडाक्षर आलं की अडायचा. पण मक्तबमध्ये ऐकून शिकलेल्या सुरा त्याला तोंडपाठ होत्या. हाफिजसाहेब कौतुक करायचे. त्यामुळे घरात सगळ्यांची खात्री झाली की डोकं आहे, म्हणजे हा नाटक करतो. शाळेत 'ढ' म्हणून तो शेवटच्या बाकावर गेला. अम्मीने तावीज बांधला. अभ्यास घ्यायचं काम माझ्याकडे होतं आणि मी त्याला पट्टीने मारायचे. आठवीत त्याने शाळा सोडली. आज तो मोटार वाइंडिंग करतो, उत्तम कारागीर आहे. पण बँकेचा फॉर्म समोर आला की चष्मा विसरल्याचं सांगतो.

गेल्या वर्षी त्याची मुलगी तशीच अडखळताना दिसली. तेव्हा तो मला म्हणाला, "आपा, मी खरंच प्रयत्न करत होतो. तू मारायचीस, तेव्हा येत होतं तेही जायचं."

भाचीची तपासणी झाली, तेव्हा मला शब्द कळला: डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनातील अध्ययन अक्षमता. अक्षर आणि आवाज यांची सांगड घालणं अशा मुलांना जड जातं. बुद्धी कमी असते असं नाही. हे अनेकदा एकाच घराण्यात दिसतं.

अर्थात मागे पडणारं प्रत्येक मूल असं नसतं. आपल्या घरांत दखनी किंवा उर्दू, मक्तबात अरबी, शाळेत मराठी किंवा इंग्रजी. काहींना फक्त नवी भाषा रुळायला वेळ हवा असतो. म्हणून एक साधी गोष्ट करा. मूल अडलेला धडा त्याला वाचून दाखवा आणि प्रश्न विचारा. ऐकूनही समजला नाही, तर भाषेवर काम करा. ऐकून समजतो पण वाचता येत नाही, तर पुढची चौकशी करा. हे निदान नाही, फक्त पहिली खूण आहे. आधी डोळे आणि कान तपासून घ्या.

पुढे काय, हेही घरोघरी सांगा. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. मुंबईत शीव आणि नायर या महापालिका रुग्णालयांत तपासणी होते. इतर ठिकाणी जिल्हा रुग्णालयात विचारा. प्रमाणपत्र असेल तर दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. 'दिव्यांग' शब्द ऐकून पालक बिचकतात, "मुलीचं लग्न कसं होईल?" म्हणतात. त्यांच्याशी वाद घालू नका. दोनदा, तीनदा घरी जा.

आणि मन? सकाळी शाळेच्या वेळीच पोट दुखणं, वही लपवणं, एकाएकी चिडणं, गप्प होणं, याला आळस म्हणू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार शाळेत मारणं आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. घरात तो नियम आपणच लावायचा. मूल फार खचलेलं वाटलं, तर 14416 या टेली-मानसच्या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

'इक्रा', म्हणजे वाच, हा पहिला संदेश आपण अभिमानाने सांगतो. तो ज्यांच्यावर उतरला, त्या पैगंबरांना लिहिता-वाचता येत नव्हतं, असं आपली परंपरा मानते. मग न वाचता येणाऱ्या मुलाला हिणवायचा हक्क आपल्याला कोणी दिला?

तुमच्यापैकी बहुतेक जण कुणाचे तरी भाईजान किंवा आपा आहात. घरातला अभ्यास अनेकदा तुम्हीच घेता. आज घरी गेल्यावर पट्टी बाजूला ठेवा. मुलाशेजारी बसा, पंधरा मिनिटं एक ओळ तुम्ही वाचा, एक त्याला वाचू द्या. चुकलं तर चारचौघांत बोलू नका.

भाचीला आता शाळेत वेगळी मदत मिळते. रात्री ती वाचते, तेव्हा माझा भाऊ शेजारी बसतो आणि तिच्या बोटाबरोबर स्वतःही ओळ लावतो. मी त्याची माफी मागितली आहे. तुमच्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून हे सांगितलं.