वेळासला जायचंच असेल तर
(लातूर येथील स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मघाशी चहाच्या वेळी ठरलं की येत्या मार्चमध्ये बॅचची सहल वेळासला न्यायची, कासवं बघायला. बँकेच्या नोकरीत मी चार वर्षं मंडणगडला काढली, म्हणून बोलायला मला उभं केलंय.

भूगोलाच्या बाई समोर बसल्यात. आपल्याला समुद्र म्हणजे त्यांच्या नकाशातला निळा रंग. मी तो खरा पाहिला नोकरी लागल्यावरच.

वेळास हे रत्नागिरी जिल्ह्यातलं, बाणकोटजवळचं लहानसं गाव. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी थंडीच्या दिवसांत रात्री वाळूवर येते, खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालून वाळू लोटते आणि परत जाते. पिल्लांचं पुढे काय झालं ते बघायला ती येत नाही. पूर्वी ही अंडी माणसंच उकरून न्यायची, राहिलेली कोल्ह्या-कुत्र्यांना. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं, भाऊ काटदरे यांच्या पुढाकारानं, गावकऱ्यांना सोबत घेऊन हे थांबवलं. कासवमित्र पहाटे किनारा पालथा घालतात, मादीचा माग काढतात आणि अंडी कुंपणातल्या तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवतात. दीड-दोन महिन्यांत पिल्लं वर येतात. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त, गार राहिली तर नर. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे गावातल्याच घरांत उतरू लागले आणि पैसा गावात राहिला. अंडी विकण्यापेक्षा पिल्लू जगवणं परवडू लागलं. मला विचाराल तर खरी करामत हीच.

ओडिशात खूण लावलेली एक मादी 2025 मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. देशाच्या त्या काठावरून या काठावर!

आता माझी चूक सांगतो. पहिल्याच वर्षी, संध्याकाळी पिल्लं सोडताना, अंधारून आलं म्हणून फोटोसाठी मी मोबाईलची बॅटरी लावली. पिल्लं उजेडाच्या दिशेनं जातात. त्यांच्या लेखी उजेड म्हणजे समुद्र. दोन पिल्लं गर्रकन वळून माझ्या बुटांकडे आली. कासवमित्र पोरगा माझ्या मुलाच्या वयाचा. हळूच म्हणाला, "काका, बंद करा." बस्स, एवढंच. त्या रात्री जेवण गेलं नाही.

म्हणून माझ्या अटी आहेत. मुक्काम गावातल्या घरांतच. दोरीच्या अलीकडे उभं राहायचं, पिल्लू हातात घ्यायचं नाही, स्पीकर नाही, बॅटरी नाही. पाणी जपून, 2016 साली रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलेल्यांना हे मी काय सांगावं! आणि दोन गाड्यांच्या वर माणसं नकोत.

आणखी एक. खड्ड्यातून पिल्लं कधी बाहेर येतील ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. दोन दिवस राहून एकही दिसलं नाही, असंही होतं. तेव्हा माझ्याकडे वर्गणी परत मागायला यायचं नाही. कबूल असेल त्यांनीच जेवणानंतर वहीत नाव लिहा.