दोन कंद

मुलीच्या जन्मानंतर अम्मीनं माझ्या बायकोसाठी सालमची खीर केली होती. चिमूटभर पूड पडली की दूध दाटून यायचं. पुढं तीच मुलगी बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा मी सालम आणायला काष्ठौषधींच्या दुकानात गेलो.

युनानी हकीम हिला 'सालब मिस्री' म्हणतात. अरबीत सालब म्हणजे कोल्हा. मिस्री म्हणजे इजिप्तची. मराठीत येता येता तिची सालम मिश्री झाली. दुकानदारानं पुढं ठेवला तो मात्र हिमालयातला सालमपंजा. तान्ह्या मुलाच्या हातासारखा, चार बोटांचा, सुकलेला. मी तो घेतला आणि घरी येऊन त्याच्याविषयी वाचत बसलो.

हा एका ऑर्किडचा कंद. अडीच हजार मीटरांहून उंचावरच्या कुरणांत ते वाढतं, जांभळट-गुलाबी फुलांचा तुरा येतो. दूध दाटतं ते कंदातल्या ग्लुकोमॅनन या बुळबुळीत द्रव्यामुळं. शिवाय त्यात फिनॉल वर्गातली संयुगं असतात. प्रयोगशाळेत डीपीपीएच या जांभळ्या द्रावणात कंदाचा अर्क घातला, की रंग उतरून पिवळा होत जातो. मुक्त कणांना आवर बसल्याची ती खूण. यालाच अँटिऑक्सिडंट गुण म्हणतात. पण ही परीक्षा काचेच्या नळीतली. तेवढ्यावरून बाळंतिणीला गुण येईलच, असं म्हणता येत नाही.

पुढचं वाचून मात्र मी थांबलो. या झाडाला दोन कंद असतात. जुना सुरकुतलेला कंद यंदाचं फूल पोसतो, नवा पांढरा कंद पुढच्या वर्षासाठी असतो. खणणारा दोन्ही उपटतो. बी धुळीसारखं बारीक. जमिनीतल्या बुरशीची साथ मिळाली तरच रुजतं, आणि फुलायला कित्येक वर्षं लागतात. ऑर्किडांच्या परदेशी व्यापारावर 'साइट्स' कराराचं नियंत्रण आहे, पण डोंगरातली चोरटी खणती थांबलेली नाही.

हे मुलीला सांगितलं. मांडीवरच्या बाळाला थोपटत ती म्हणाली, "अब्बा, म्हणजे मायलेकरं दोन्ही उपटून आणली का?"

त्या दिवशी घरात अळिवाची खीर झाली. पंजा परत केला नाही. तो काही पुन्हा रुजणार नव्हता. माझ्या लिहिण्याच्या टेबलावर आहे. नातू मोठा झाला की त्याच्या तळव्यावर ठेवीन आणि ही गोष्ट सांगेन.