ओढ्याचे पाणी जाते कुठे?
(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



माणदेशातील ओढे वर्षातले थोडेच दिवस वाहतात. वरच्या शिवारात खळाळणारे पाणी खालच्या गावाला पोचत नाही आणि मग 'वरच्यांनी पाणी पळविले' म्हणून तंटा सुरू होतो. भांडण्यापूर्वी पाणी मोजावे, एवढेच माझे सांगणे आहे.

पूर ओसरून प्रवाह एकसारखा झाला की एक किलोमीटर अंतरावरील दोन सरळ जागा निवडाव्यात. मध्ये दुसरा ओहोळ मिळत नसावा व मोजणीपुरत्या काठावरच्या मोटारी बंद असाव्यात. दोन्ही जागी पाण्याची रुंदी मोजावी. चार-पाच ठिकाणी काठी बुडवून सरासरी खोली काढावी. नंतर २० मीटर अंतर आखून लाकडाचा तुकडा पाण्यात सोडावा व सेकंद मोजावेत. असे तीनदा करावे. वरचे पाणी तळापेक्षा जलद वाहते, म्हणून आलेल्या वेगाला ०.८ ने गुणावे.

समजा, वरच्या जागी रुंदी २ मीटर, खोली २० सेंटिमीटर आणि वेळ ४० सेकंद आहे. तर प्रवाह सेकंदाला १६० लिटर येतो. खाली रुंदी तेवढीच, खोली १५ सेंटिमीटर आणि वेळ ५० सेकंद असल्यास ९६ लिटर येतो. म्हणजे सेकंदाला ६४ लिटर, तासाला सुमारे २ लाख ३० हजार लिटर पाणी वाटेतच गेले!

हे उन्हाने आटले काय? दिवसाला ५ मिलिमीटर बाष्पीभवन धरले, तरी या २,००० चौरस मीटर पाण्यातून दिवसभरात १० हजार लिटरच जातात. तेवढी घट तर इथे अडीच-तीन मिनिटांतच होते. बाकीचे पाणी वाळूत व मुरमात मुरते.

मोटारी चालू असताना पुन्हा मोजावे. घट जेवढी वाढेल तेवढा उपसा समजावा. मग बोलणे अंदाजावर न राहता आकड्यावर होईल.

मुरलेले पाणी सगळेच वाया जात नाही. काठच्या विहिरींची पातळी दर आठवड्याला दोरीने मोजून लिहून ठेवावी. पातळी चढत असेल तर तो पट्टा पुनर्भरणाचा आहे. तेथील वाळू उपसू देऊ नये. पाणी साठवायचे असेल तर बंधाऱ्याची जागा कमी मुरणाऱ्या पट्ट्यात पाहावी.

येत्या पावसाळ्यात दोन्ही गावच्या मंडळींनी मिळून ही मोजणी करावी, अशी विनंती करून मी थांबतो.