दम्याचा कागद घरात हवा
(मंडळाच्या गणेशोत्सवातील आरोग्यविषयक भाषण)



दमा आपल्याला नवीन नाही. मृग लागला की नामपल्लीच्या मैदानावर मत्स्यप्रसादासाठी लागणाऱ्या रांगा आपण हैदराबादकरांनी वर्षानुवर्षे पाहिल्या आहेत. ज्याची श्रद्धा असेल त्याने जरूर जावे. माझे मागणे एवढेच, की त्यापायी रोजचा पंप बंद करू नये आणि घरात दम्याचा एक लेखी कागद असावा.

लेखी कशासाठी? दम्याचा जोर बहुधा रात्री किंवा पहाटे वाढतो. रुग्णाला बोलवत नाही, डॉक्टर समोर नसतात, घरात कदाचित आजी आणि नातू एवढेच असतात. अशा वेळी आठवणीवर भिस्त ठेवून चालत नाही. म्हणून हा कागद डॉक्टरांकडून भरून घ्यायचा. रस्त्यावरच्या सिग्नलसारखे त्याचे तीन भाग असतात.

हिरवा भाग : खोकला नाही, झोप शांत, जिना सहज चढता येतो. इथे रोजचा पंप ठरल्याप्रमाणे चालू ठेवायचा.

पिवळा भाग : रात्री खोकल्याने जाग येते, छातीत घरघर होते, आराम देणारा पंप वरचेवर लागतो. इथे कोणते औषध किती वाढवायचे आणि डॉक्टरांना कधी भेटायचे, ते लिहिलेले असते.

लाल भाग : एक वाक्य सलग बोलता येत नाही, ओठ निळसर दिसतात, पंपाने आराम पडत नाही. रुग्णाला बसते ठेवा, आडवे करू नका. कागदावर लिहिल्याप्रमाणे पंप स्पेसर लावून द्या आणि लगेच 108 ला फोन करा. सकाळ होण्याची वाट पाहू नका.

फुंकर मारून मोजण्याचे पीक फ्लो मीटर घरी असेल तर आणखी सोपे. तब्येत चांगली असतानाचा आपला सर्वात वरचा आकडा 400 असेल, तर 320 च्या वर हिरवा, 200 ते 320 पिवळा आणि 200 च्या खाली लाल. प्रत्येकाचा आकडा वेगळा, म्हणून शेजाऱ्याचा कागद आपल्याला चालत नाही.

‘पंपाची सवय लागते’ हा समज सोडा. रोजच्या पंपातले औषध मायक्रोग्रॅममध्ये असते, थेट श्वासनलिकेत जाते आणि आतली सूज कमी करते. नंतर चूळ भरली की झाले. बरे वाटते ते त्याच्यामुळेच, म्हणून बरे वाटले तरी मनाने बंद करू नका. केवळ तात्पुरता आराम देणाऱ्या पंपावर वर्षे काढणे धोक्याचे आहे. 2019 पासून जागतिक मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात.

आणखी एक. लग्नाच्या मुलीचा पंप पर्समध्ये लपवायला लावू नका. लपवलेला पंप वेळेवर हाताशी येत नाही, आणि सासरच्यांना ठाऊक नसेल तर मदत तरी कोण करणार?

उत्सवात धूप, उदबत्ती, गुलाल, फटाके असणारच. दमेकऱ्याला कशाचा त्रास होतो, तेही कागदावर लिहा. एक प्रत फ्रिजवर लावा, एक शाळेत द्या, फोटो मोबाईलमध्ये ठेवा. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा कोरा कागद सोबत न्या आणि भरूनच परत या.

गणपती बाप्पा मोरया!