उरलेल्या गोळ्यांचा हिशेब

(संस्थेच्या पालक मेळाव्यात अकोला येथे केलेले भाषण)



आजचा विषय माझ्या अधिकाराचा नाही, हे प्रथमच कबूल करतो. मी बी.ए., बी.एड. झालेला साधा शिक्षक. औषधांविषयी बोलावे ते डॉक्टरांनी. तरीही हा विषय मी मागून घेतला, कारण या बाबतीत माझ्याच हातून एक चूक घडली आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एक मुलगा सुटीच्या दिवशी वडिलांबरोबर पऱ्हाट्या उपटायला गेला. पोटरी खरचटली आणि तिथे गळू झाले. दहावीची परीक्षा तोंडावर आलेली. माझ्या टेबलाच्या खणात माझ्याच जुन्या दुखण्यातल्या पाच कॅप्सूल उरल्या होत्या. त्या मी त्याच्या हातावर ठेवल्या. "जी सर," म्हणून तो घेऊन गेला. दोन दिवस ठणका कमी झाला, घरच्यांनी मला दुवा दिली. पाचव्या दिवशी ताप चढला आणि पाय मांडीपर्यंत सुजला. दवाखान्यात गळू कापून पू तपासायला पाठवला. अहवालात जंतूचे नाव होते स्टॅफिलोकोकस ऑरियस. खाली औषधांची यादी होती आणि त्यांतल्या बहुतेकांना तो जंतू दाद देत नव्हता. अखेर शिरेतून द्यायच्या महागड्या औषधाने मुलगा वाचला. पण त्याचे तीन पेपर बुडाले आणि आईच्या कानातले गहाण पडले.

डॉक्टर मला म्हणाले, "सर, तुमच्या कॅप्सूलमुळेच जंतू असा झाला, असे नाही. तो आधीच तसा असणार. पण तुम्ही त्याचे पाच दिवस घालवलेत." ते वाक्य आजही मला टोचते.

मित्रांनो, हा जंतू काही परका नाही. निरोगी माणसांपैकी साधारण तिसऱ्या हिश्शाच्या नाकात तो निमूट राहत असतो. कातडीला चीर पडली की आत शिरतो. मग केसतूड, गळू, कधी हाडात पू, कधी रक्तात विष. सूक्ष्मदर्शकाखाली तो द्राक्षाच्या घोसासारखा दिसतो, म्हणून त्याला ग्रीक भाषेतून हे नाव मिळाले.

पेनिसिलिनचा शोधही याच जंतूच्या बशीत लागला. १९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना दिसले की, बशीत बुरशी पडली आहे आणि तिच्याभोवतीचे जंतू विरघळले आहेत. १९४१ मध्ये ऑक्सफर्ड येथे एका पोलीस शिपायाला हे औषध दिले गेले. तो सुधारू लागला. परंतु औषधच संपले. त्याच्या लघवीतून गाळून काढलेले पेनिसिलिनही पुन्हा वापरले, तेही पुरले नाही आणि तो दगावला. औषध इतके मोलाचे होते! आपल्या महाराष्ट्रात पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी त्याला हातभार लावला. गरिबाच्या घरी पेनिसिलिन पोहोचावे, हा त्यामागचा हेतू होता.

मग बिघडले कुठे? पेनिसिलिन जंतूच्या अंगाभोवतीची भिंत बांधू देत नाही, म्हणून जंतू फुटून मरतो. परंतु काही जंतूंनी पेनिसिलिनचेच तुकडे करणारा पदार्थ तयार केला. तेव्हा या पदार्थाला न जुमानणारे मेथिसिलिन शास्त्रज्ञांनी काढले. ते वापरात येते न येते तोच, १९६१ साली इंग्लंडमध्ये त्यालाही न जुमानणारा जंतू सापडला. त्याने भिंत बांधण्याचे अवजारच बदलले होते. त्यालाच डॉक्टर मंडळी एमआरएसए म्हणतात.

वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. बीटी कपाशी २००२ साली आली, तेव्हा बोंडअळीपासून सुटका झाली असे आपल्याला वाटले. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने त्याच कपाशीची बोंडे पोखरली. औषधाने कच्च्या अळ्या मरतात, चिवट तेवढ्या उरतात, आणि पुढची पिढी त्यांचीच येते. जंतूंचेही तसेच आहे. फरक वेगाचा. विद्यार्थ्यांनो, जंतू अर्ध्या तासाला दुप्पट होतो असे धरून गणित करा: दहा तासांत एकाचे दहा लाखांवर जंतू होतात! त्यात एक जरी चिवट निघाला, तरी औषध त्याच्यासाठी शेत मोकळे करून देते.

२००८ आणि २००९ या दोन वर्षांत देशातील पंधरा रुग्णालयांनी मिळून या जंतूचे सव्वीस हजारांवर नमुने तपासले. त्यांत शंभरांपैकी सुमारे ४१ एमआरएसए निघाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे जाळे आजही अशी नोंद ठेवते. शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील सेवाग्रामची वैद्यकीय संस्था त्यात आहे.

फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिकाच्या भाषणातच इशारा दिला होता की, औषध सहज दुकानात मिळू लागेल, अजाण माणूस ते कमी प्रमाणात घेईल आणि जंतूंना निर्ढावून ठेवील. तो अजाण माणूस म्हणजे मी. पदवी असूनही!

म्हणून पालकांना माझी हात जोडून विनंती आहे. सर्दी-पडसे विषाणूंमुळे होते, त्याला ही औषधे लागू पडत नाहीत; मेडिकलवाल्याकडे जाऊन "काहीतरी जोरदार द्या" असे म्हणू नका. पाकिटावर तांबडी उभी रेघ दिसली, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून ते औषध घेऊ नका. डॉक्टरांनी जितके दिवस सांगितले तितके दिवस घ्या. मधेच बंद करायचे तर त्यांनाच विचारून. उरलेली गोळी शेजाऱ्याला देणे ही नेकी नव्हे. गळू घरी पिळू नका. जखमेला हात लावण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुवा. वुजूमुळे दिवसातून पाच वेळा हात धुण्याची सवय आपल्याला आहेच. तिला साबणाची जोड द्या. एकाचा टॉवेल दुसऱ्याने वापरू नये. गळवाबरोबर ताप आला किंवा सूज पसरू लागली, तर एक दिवसही थांबू नका.

तो मुलगा पुढच्या वर्षी परीक्षेला बसला आणि उत्तीर्ण झाला. पेढे घेऊन आला, तेव्हा माझ्या टेबलाचा खण उघडा होता. त्याने आत डोकावून हसत विचारले, "सर, आता यात काय ठेवता?" मी म्हणालो, "खडू."