मान किती, धन किती?
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



सरकारी काम म्हटले की खुर्ची, पंखा आणि निवृत्तिवेतन आपल्या डोळ्यांपुढे येते. पण सरकारचेच काम करूनही जिला सरकारी नोकर म्हणत नाहीत, अशा एका बाईविषयी मी आज बोलणार आहे. ती म्हणजे आपली अंगणवाडी सेविका.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनी ही योजना देशात सुरू झाली. मुलांची वजने घ्यावयाची, आहार द्यावयाचा, गरोदर बायकांच्या घरी जावयाचे, लस टोचायला मुले गोळा करावयाची आणि वर हे सारे नोंदवावयाचे! एवढ्याचा मोबदला पगार नव्हे, तर ‘मानधन’. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, हे शासकीय सेवेतील पद नव्हे. पुढे २०२२ साली त्याच न्यायालयाने सेविका व मदतनीस यांना १९७२ च्या कायद्याप्रमाणे ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, असा निर्णय दिला. बंद दार निदान किलकिले झाले!

या कामात सुख नाही असे नाही. काट्यावर बसताना रडणारे पोर मोठेपणी ‘बाई’ म्हणून वाकते, तेव्हा तिचा शीण उतरतो. पण नमस्काराने चूल पेटत नाही.

म्हणून भगिनींनो, ती दारी आली तर ‘नंतर या’ म्हणू नका. बसायला पाट द्या. आणि तिच्या हक्काच्या अर्जाखाली आपल्याही सह्या असू द्या, एवढेच माझे मागणे आहे.